चोरटे फुटवे

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. लहानांनी मांडी घालून ऐकावी. मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण या गोष्टीतला सगळा घोळ मोठ्यांनीच घातलेला आहे.

एका उंच डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. वर बर्फाचे कडे, खाली खोल दरी, मधल्या उतारावर गाव, आणि गावाच्या डोक्यावर एक रान. रानात एकाच जातीची झाडं. खोडं चुना फासल्यासारखी पांढरी, आणि पानांचे देठ इतके नाजूक की वारा पडलेला असला तरी पानं थरथरत राहायची. दिवसभर सळसळ, म्हणून गावकरी त्या झाडाला सळसळीच म्हणायचे.

रान होतं म्हणून गाव होतं. हिवाळ्यात वरून घसरणारं बर्फ झाडांना अडायचं. उन्हाळ्यात तेच बर्फ जमिनीत मुरायचं आणि झरा वाहता राहायचा. पडलेल्या फांद्या चुलीला लागायच्या, गळलेला पाला शेळ्यांना. पण उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम कडक होता.

नियमामागे एक रीत होती. गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला रानातलं एक झाड मिळायचं. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांची बारशी एकाच दिवशी व्हायची, गवत कमरेला लागलं की. आई बाळाला रानात न्यायची, बिनमालकीच्या एखाद्या खोडाला त्याचं कपाळ टेकवायची आणि मग नाव ठेवायची. त्या दिवसापासून ते झाड त्याचं. माणूस जगेल तोवर झाड जपायचं, झाड गेलं तर माणूसही जाणार म्हणून, आणि माणूस गेल्यावर जास्तच जपायचं, कारण गेलेल्याचा जीव झाडात राहायला जातो अशी सगळ्यांची पक्की समजूत. मेलेल्याचं झाड दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि ज्याला झाड नाही त्याला शेतात वाटा नाही, बैठकीत जागा नाही, लग्नाला मुलगी नाही. झाड नाही तर तू या गावचा नाहीस, इतकं सरळ.

आता माया म्हटली की माणसाला काहीतरी करून दाखवायची हौस असतेच. उन्हाळ्याच्या तोंडाला झाडांच्या आसपास जमिनीतून कोवळे फुटवे वर यायचे. गावकऱ्यांना वाटायचं, हे आपल्या झाडाचं दूध चोरून पितात. म्हणून त्यांचं नावच पडलं होतं चोरटे. बर्फ वितळून ऊन तापलं की घरोघरची माणसं खुरपी घेऊन रानात शिरायची आणि एकूणएक चोरटा मुळासकट उपटायची. नजरेतून सुटलेल्यांचा समाचार शेळ्या घ्यायच्या. रानातली जमीन झाडून काढलेल्या अंगणासारखी लख्ख दिसायची. बायका एकमेकींच्या झाडांखाली डोकावून नाकं मुरडायच्या. “अगं बाई, सासऱ्याच्या झाडाखाली केवढे माजलेत हे! जनाची नाही तर मनाची तरी लाज?”

पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं. कुणाला त्यात खोट दिसली नाही. साफसफाईत खोट काढणार कोण?

त्या गावाचा कारभार एक म्हातारी बघायची. सगळे तिला थोरली म्हणायचे. बोलायला सडेतोड, न्यायाला काटेकोर. तिच्या शब्दापुढे तिचा दीरसुद्धा जात नसे, आणि तो तर स्वतःला गावातला सर्वांत शहाणा माणूस समजायचा.

थोरलीला एकुलता एक मुलगा होता. पानगळीच्या दिवसांत शेळी शोधायला कड्यावर गेला, पाय घसरला, आणि संपलं. सून पोटुशी होती. थोरली चारचौघांत रडली नाही. फक्त रोज सकाळी रानात जाऊन मुलाच्या झाडाला पाठ टेकून बसू लागली. घरात काय शिजलं, शेळी कुठली व्यायली, सगळं त्याला सांगायची. गावानं तिला कधी हटकलं नाही.

आणि नेमकं त्याच वर्षांत रानाला काहीतरी व्हायला लागलं होतं. म्हणजे सुरुवात आधीच झाली होती, पण बघायचं कुणाला नव्हतं. झाडांचे शेंडे वाळत चालले. पांढऱ्या सालीवर काळे डाग चढले. कुणा गेलेल्याचं झाड भर दुपारी, वारा नाही वावटळ नाही, कडाडकन मोडून पडायचं आणि आत बघावं तर पोकळ. सगळी झाडं म्हातारी झाली होती. तरणं झाड औषधालाही नव्हतं.

बिनमालकीची झाडं तर कधीच संपली होती. काही वर्षांमागे एका मेंढक्याच्या घरी मुलगी झाली, तेव्हा पहिल्यांदा बाळ होतं आणि झाड नव्हतं. मेंढक्याची बायको पदर पसरून थोरलीपुढे उभी राहिली. “माझ्या सासूचं झाड हिला द्या. सासूबाई काही म्हणणार नाहीत हो, त्यांचा फार जीव होता मुलांवर.”

थोरली म्हणाली, “आज तुला दिलं तर उद्या सगळ्यांना द्यावं लागेल. नियम तुझ्या घरासाठी मोडायचा नाही.”

त्या घरानं बोचकं बांधलं आणि ते खाली दरीत उतरलं. दरीत डास, दमट हवा आणि परकी माणसं. त्यांच्यामागून आणखी काही घरं उतरली. दर वेळी थोरली तेच बोलली. मनात काही वाटलं नसेल असं नाही, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आणि आता भर हिवाळ्यात थोरलीच्या सुनेला मुलगी झाली.

गाव वाट बघत बसलं. कुणी मुद्दाम काही विचारलं नाही, पण थोरली झऱ्यावर आली की बायका एकदम गप्प व्हायच्या. शेवटी दीर आला. खाकरला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “वहिनी, तुमच्या नातीची गोष्ट वेगळी. पुतण्याचं झाड तिला देऊन टाका. गाव डोळे मिटून घेईल.”

“मेंढक्याच्या वेळी का नाही मिटले?” थोरलीनं विचारलं.

दीर पुन्हा नुसता खाकरला. 

“बारशापर्यंत झाड मिळालं तर नात इथली,” थोरली म्हणाली. “नाही तर सून आणि नात दरीत उतरतील.” एवढं बोलून ती घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

बर्फ वितळलं. फुटवेकाढीचे दिवस आले. थोरली खुरपं घेऊन मुलाच्या झाडापाशी गेली. हाताला सवय होती, हात चोरटे उपटत होते, आणि तोंडानं ती मुलाला सांगत होती, “तुझी लेक जाणार रे. तुझ्यासारखं नाक आहे तिचं. मीच घालवणार तिला.” आणि मग इतके दिवस आवरलेलं रडू तिला आवरेना. ती मोठमोठ्यानं रडली. एक फुटवा उपटायची, रडायची. दुसरा उपटायची, रडायची.

“बास कर!” कुणीतरी खेकसलं.

झाडाच्या बुंध्याशी एक बीळ होतं. त्यातून एक म्हातारं साळिंदर बाहेर आलं. काटे पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले. साळिंदर दिवसाचं झोपतं, आणि झोपमोड झालेलं साळिंदर फार खडूस असतं.

“काय बाई आहेस तू,” ते म्हणालं. “पोरं उपटून टाकतेस आणि पोरासाठी झाड नाही म्हणून गळा काढतेस. निदान एका वेळी एक तरी कर.”

थोरलीशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. तिनं डोळे पुसले. “ही पोरं नाहीत. चोरटे आहेत. झाडाचं दूध पितात.”

“कुणी सांगितलं?”

“सगळेच सांगतात.”

“सगळे वरून बघतात,” साळिंदर म्हणालं. “मी मुळं खातो. माझा सगळा जन्म या मुळांत गेला. तुला एवढी शंका असेल तर खण. हे मूळ कुठं संपतं ते मला शोधून दाखव, म्हणजे मी झोपायला मोकळा.”

थोरली जिद्दीची. तिनं पदर खोचला आणि मुलाच्या झाडाचं एक मूळ धरून माती उकरायला लागली. मूळ उताराच्या कडेनं गेलं आणि दुसऱ्या झाडाच्या बुडात शिरलं. ते तिचं स्वतःचं झाड होतं. त्यातून निघालं ते दिराच्या झाडात. तिथून शेजारणीच्या, आणि तिथून मेंढक्याच्या मेलेल्या सासूच्या झाडात. वाटेत जागोजाग त्याच मुळातून फुटवे वर आलेले, काही उपटलेले, काही नुकते डोकं काढत असलेले. ऊन कलायला लागलं, हाताला फोड आले, तरी मुळाचं टोक लागेना.

ती मातीत बसकण मारून म्हणाली, “म्हणजे ही सगळी...”

“एकच झाड आहे,” साळिंदर म्हणालं. “तुझ्या मुलाचं, तुझं, त्या मूर्ख दिराचं, सगळ्यांचं. तुम्ही ज्याला झाड म्हणता ती त्याची एकेक फांदी, जमिनीतून वर आलेली. फांदी म्हातारी होते आणि जाते. मूळ राहतं, नवी फांदी काढतं. तुझ्या आजीच्या आजीच्याही आधीपासून त्याचं हे चाललंय. तुम्ही मध्ये आलात आणि नवी फांदी दिसली की उपटायला लागलात.”

“तरी फुटवे येतातच की.”

“येतात, पण थोडे. खोड उभं आहे तोवर ते मुळाला दम धर म्हणून सांगत राहतं. खोड पडलं की मूळ मोकळं होतं आणि फुटवे भरभरून येतात. आणि जे थोडे येतात ते तुम्ही ठेवत नाही. मुळाला जगायला वरून पाला लागतो, बाई. या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर आता पाला किती उरलाय? पूर्वी हे मूळ गोड लागायचं मला. आता नुसता दोरखंड चघळल्यासारखं लागतं. रानाच्या पलीकडच्या अंगाला तर कुजलंय.”

“तू हे आधी का नाही सांगितलंस?”

“मला तुमच्याशी काय करायचंय? मला माझ्या पोटाची काळजी आहे,” असं म्हणून साळिंदर बिळात गेलं, आणि पुन्हा काही बाहेर आलं नाही.

थोरलीनं गाव जमवलं आणि सगळं सांगितलं. लोकांनी तोंडात बोटं घातली, पण मुळाचं ऐकून नाही, थोरलीकडे बघून. दीर शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, “मुलाच्या दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय.” मग मोठ्यानं म्हणाला, “मग काय, वहिनी, रान कापायचं म्हणता?”

“रान नाही. एक झाड. माझ्या मुलाचं. कुऱ्हाडीचा नियम रान जगावं म्हणून होता, आणि हे खोड पडल्याशिवाय मूळ मोकळं व्हायचं नाही.”

 लोक हळूहळू उठून घरी गेले. आपल्या झाडाला हात लागणार नाही ना, एवढंच प्रत्येकाला बघायचं होतं.

आता उरली सून. ती चुलीपुढे बाळाला घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “माझ्याकडे त्यांचं दुसरं काही नाही. तुमच्याकडे त्यांचं बालपण तरी आहे. मी वर्षभर संसार केला. ते झाड तेवढं आहे.”

“मला कळतंय, पोरी.”

“आणि त्या जनावराचं खोटं निघालं तर?”

थोरलीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. “तर माझा मुलगा दुसऱ्यांदा गेला,” ती म्हणाली, “आणि या वेळी मी घालवला.”

सून उठली. बाळाला तिनं पाळण्यात ठेवलं आणि भिंतीवरची करवत काढली. ती करवत दोन माणसांची होती, दोन्ही टोकांना मुठी असलेली. एक मूठ तिनं सासूपुढे केली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी झाड कापलं. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या. दोघीही रडत होत्या आणि करवत थांबवत नव्हत्या. झाड पडलं तेव्हा आत हातभर पोकळी निघाली. सुनेनं पोकळीत हात घालून पाहिला. “आत काहीच नाही हो, आत्याबाई,” ती म्हणाली. ते ऐकून थोरलीला बरं वाटलं की वाईट, ते तिचं तिलाच कळलं नाही.

दोघींनी बुंध्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं, शेळ्या शिरू नयेत म्हणून. आणि वाट बघितली.

आधी काहीच नाही. मग एका सकाळी माती जरा भेगाळली. पुढच्या पावसानंतर लालसर कोंब वर आले. एक नाही, दोन नाही, कुंपणाच्या आत पाऊल ठेवायला जागा राहिली नाही. गवत गुडघ्याच्या वर गेलं तोवर फुटवे वीतभर झाले होते, आणि त्यांना तीच थरथरणारी इवली पानं आली होती. सून बाळाला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी राहायची. बाळ हात नाचवायचं. सुनेच्या तोंडावर किती तरी महिन्यांनी हसू दिसलं. थोरलीचा जीव भांड्यात पडला. बारशाच्या दिवशी यातल्या एका कोंबाला कपाळ टेकवायचं, एवढंच आता राहिलं होतं.

थोरलीच्या शेजारी एक बाई राहायची. सरळ मनाची, कुणाच्या अडीअडचणीला धावणारी. फुटवेकाढीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या झाडांखाली पान पडलं तरी ती उचलायची. थोरलीचं असं झालेलं बघून तिला फार वाईट वाटायचं. ती मनात म्हणाली, बारशाला सगळं गाव रानात येणार. पोराच्या जागेवर चोरटे माजलेले बघून लोक नावं ठेवतील. माणूस भ्रमिष्ट झालं म्हणून त्याची अब्रू आपण नको का सांभाळायला? बारशाच्या आदल्या दिवशी ती खुरपं घेऊन गेली. कुंपण हलकेच बाजूला केलं आणि एकूणएक फुटवा उपटला. जमीन हातानं सारखी केली. वर चार रानफुलं ठेवली.

बारशाच्या सकाळी गाव रानात जमलं. थोरली आणि सून कुंपणापाशी पोचल्या.

“अक्का,” शेजारीण पुढे होऊन म्हणाली, “काही काळजी करू नका. तुमच्या लेकाची जागा मी स्वच्छ करून ठेवली आहे.”

थोरलीनं मोकळ्या मातीकडे पाहिलं. सून खाली बसून माती उकरून बघायला लागली. शेजारीण एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. आपण काय केलं ते तिला कळेना, पण काहीतरी भयंकर केलंय एवढं कळलं.

“वहिनी,” दीर घाईनं म्हणाला, “अजूनही सांगतो. माझ्या थोरल्या भावाचं झाड आहे, तुमच्या नवऱ्याचं. ते द्या. कोण विचारतंय?”

“मी विचारते,” थोरली म्हणाली. “मेंढक्याची बायको माझ्यापुढे उभी होती, तेव्हा तिला मी काय सांगितलं ते मला पाठ आहे.” तिनं कमरेची धान्यकोठाराची किल्ली काढली आणि दिराच्या हातावर ठेवली. “सून एकटी नाही उतरायची. मीही जाते.”

कुणी अडवलं नाही. नियम त्यांचाच होता, अडवणार कसे? बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

दरीत पोचल्यावर पहिलं घर लागलं ते मेंढक्याचं. त्याची बायको अंगणात लोकर पिंजत होती. तिनं वर बघितलं, ओळखलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. थोरलीला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलली तर बरंच होईल. पण ती म्हणाली, “उन्हातून आलात. आधी पाणी घ्या.” थोरलीनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

पुढचा हिवाळा त्या डोंगरावर वाईट आला. वारा सुटला तो थांबायचं नाव घेईना. रानातली पोकळ खोडं एकामागून एक कोसळू लागली. वारा पडला तेव्हा रान आडवं झालेलं होतं. बर्फाला अडवायला काही राहिलं नाही, आणि वरचा बर्फाचा लोट सरळ गावात घुसला. गोठे गेले, पलीकडच्या अंगाची घरं गेली, झरा बुजला. माणसं जीव घेऊन वेळेवर पळाली.

पण खरी भीती त्यांना वेगळीच होती. झाड गेलं म्हणजे माणूस जाणार, ही तर पक्की समजूत. घरोघरी लोक मरायची तयारी करून बसले. दिरानं अंथरूण धरलं, सगळ्यांची माफी मागितली, डोळे मिटून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागली. त्यानं भाकरी मागितली. मग झुणकाही मागितला. झाडापायी कुणी म्हणजे कुणीही मेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ वितळलं, आणि पडलेल्या ओंडक्यांमधून, उघड्या मातीतून फुटवे वर आले. इतके, की कुणी कधी बघितले नव्हते. गव्हाचं शेत उगवावं तसे दाट. आणि हे लोक काय करतात? खुरपी घेऊन निघाले की! सवय अशी मुरलेली असते. रानच उरलं नव्हतं, पण रान साफ ठेवायला हवं होतं.

रानाच्या तोंडाशी शेजारीण उभी होती. थोरली गेली त्या दिवसापासून ती रोज त्या बुंध्यापाशी जाऊन बसायची. उपटलेल्या जागी फुटवे पुन्हा आलेले तिनं पाहिले होते आणि त्यांना बोट लावलं नव्हतं. तुटलेलं कुंपण तिनं नीट करून ठेवलं होतं. कुणाला ते सांगायचं धाडस मात्र तिला झालं नव्हतं.

“एकाला जरी हात लावलात,” ती म्हणाली, “तर हे खुरपं मी कुणाच्या पाठीत घालीन ते सांगता यायचं नाही.” एवढी गरीब बाई असं बोललेली बघून लोक जागच्या जागी थबकले. ती त्यांना बुंध्यापाशी घेऊन गेली. कुंपणातले फुटवे कमरेइतके झाले होते आणि त्यांची साल पांढरी पडायला लागली होती. “यांना मी मारलं होतं,” ती म्हणाली, “माझ्या या हातांनी. तरी परत आले. आता एकदा थांबून बघू या.”

दिरानं त्या कोवळ्या पांढऱ्या सालीवरून हात फिरवला. त्याच्या हातातलं खुरपं केव्हा खाली पडलं ते त्याला कळलंही नाही.

शेजारीण त्याच दिवशी दरीत उतरली. थोरलीच्या पायांवर डोकं ठेवून तिनं सगळं सांगितलं. थोरलीनं तिला उठवलं, आणि मग ती आधी दारात उभ्या असलेल्या मेंढक्याच्या बायकोकडे वळली. “माझं चुकलं,” ती म्हणाली. “तुझी मुलगी त्या गावची होती. मी तिला घालवलं. आता तू आधी चल, मग मी येते.”

मेंढक्याची बायको तेव्हा मात्र रडली. रागानं रडली, आणि रडून झाल्यावर सामान बांधायला लागली.

गवत कमरेला लागलं तेव्हा रानात पुन्हा बारसं झालं. त्या हिवाळ्यातली बाळं होती, दरीतून परत आलेली मोठी मुलं होती, आणि थोरलीची नात आता चालायला लागली होती. दिरानं विचारलं, “हिचं झाड कोणतं? दाखवा, म्हणजे सगळ्यांना लक्षात राहील.”

“कोणतंही नाही,” थोरली म्हणाली. तिनं नातीला खाली बसवलं आणि तिचं कपाळ मातीला टेकवलं. मेंढक्याच्या मुलीचंही टेकवलं. मग सुनेनं लेकीच्या कानात तिचं नाव सांगितलं, इतक्या हळू, की ते आपल्या गोष्टीपर्यंत पोचलेलं नाही.

त्या गावात तेव्हापासून फुटवेकाढ बंद झाली. फुटव्यांना शेळ्यांपासून राखायचं, आणि म्हातारी खोडं दर काही वर्षांनी थोडी थोडी उतरवायची, अशी नवी रीत पडली. पण गोष्ट इथं गोड झाली असं समजू नका. रानाच्या पलीकडच्या अंगाला मूळ खरंच कुजलेलं होतं. तिथं फुटवा आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. शेजारणीच्या माहेरची सगळी झाडं त्याच बाजूला होती. ती कितीदा तरी तिथं जाऊन मातीत हात घालून बघायची. पावसाळ्यात त्या उतारावरची माती वाहून खाली येते, आणि दर हिवाळ्यात तिथून बर्फ घसरतं. ते आता कुणाला थांबवता येत नाही.

तात्पर्य: जुनं उभं राहावं म्हणून जो नव्याला उपटतो, तो दोन्ही गमावतो.